तोयोकोच्या बाहीवरची शाई

फुसाए कुवाबारानं तोयोकोला आजवर नववर्षाची अठ्ठेचाळीस कार्डं पाठवली, आणि एकावरही खरी गोष्ट लिहिली नाही. नववर्षाच्या कार्डावर अशुभ लिहायचं नसतं, अशी रीत. फुसाएला ती म्हणजे पडत्या फळाची आज्ञाच झाली. एरवी ही बाई कुठल्या रीतीला इतकी चिकटून राहिली नसेल.

अठराव्या वर्षी ती तोक्योत मिनेगिशीबाईंकडे कामाला लागली. बाई मुलींच्या मासिकासाठी चित्रकथा काढत. फुसाएचं काम सगळ्यात खालचं: शाई वाळली की तिच्याखालच्या पेन्सिलच्या रेघा खोडरबरानं पुसायच्या. शेजारच्या खुर्चीत तोयोको, दोन वर्षांनी मोठी. घरं, झाडं, पाऊस ती काढायची, आणि हात असा की बाईसुद्धा काम थांबवून बघत. पुढच्या वसंतात तोयोकोची स्वतःची कथा छापायचं ठरलं होतं.

एका सकाळी मासिकाचा माणूस पानं न्यायला दारात येऊन बसला. दोन रात्री जागलेली तोयोको टेबलावर डोकं टेकून झोपली होती. घाईत फुसाएनं ओल्या शाईवर रबर फिरवलं आणि नायिकेचे काळे केस आभाळभर फरफटले. पुढचं मात्र तिनं घाईत केलं नाही. पान अलगद उचललं, तोयोकोच्या हाताखाली सरकवलं आणि तिची बाही वरून दाबली.

बाईंनी पान पाहिलं, बाहीवरची शाई पाहिली. ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून त्यांनी आभाळावर शिंतोडे उडवले. डाग बर्फाखाली गाडला गेला, पान वेळेत गेलं. डाग आपल्याच बाहीनं पडला असं धरून आठवड्याभरात तोयोको सामान बांधून आपल्या गावी, माइझुरूला परतली आणि माशांच्या वड्यांच्या कारखान्यात लागली. तिची खुर्ची फुसाएला मिळाली. चार वर्षांनी फुसाएचं लग्न झालं, क्योतोत सासऱ्यांचं नूडल्सचं दुकान सांभाळलं, पण ती खुर्ची काही तिच्या मनातून हलली नाही.

या शरदात तोयोकोचा फोन आला. "अगं फुसाए, बाईंची मूळ पानं तुमच्या क्योतोच्या चित्रकथा संग्रहालयात लागलीत. मी येतेय. नाही म्हणालीस तर तुझ्या दुकानासमोर ठाण मांडीन."

फुसाएनं त्याच क्षणी ठरवलं, आता सांगायचंच.

संग्रहालय जुन्या शाळेच्या इमारतीत होतं. छतापर्यंत पुस्तकं, करकरणारी लाकडी जमीन, जिन्यावर बसून वाचणारी टायवाली माणसं. "बघ," तोयोको म्हणाली, "आपल्या आयांनी हीच चुलीत घातली असती." फुसाएला हसू आलं नाही.

बाईंच्या दालनात तोयोको सरळ एका काचेपाशी जाऊन थांबली. खाली पाटी होती: बाईंच्या कथांमध्ये इथून बर्फ पडू लागला.

"ओळखलंस? माझ्या बाहीचा प्रताप. काचेत ठेवलाय." तोयोकोनं तोंडावर हात ठेवून हसून घेतलं. "पन्नास वर्षं पेन धरलं नाही गं मी. कार्डावर साधं फूल काढलं नाही. या हाताचा भरवसाच वाटेना. पण परवा पेपरात या पानाचा फोटो पाहिला आणि म्हटलं, माझ्या चुकीतूनच बाईंना बर्फ सुचला की. अगदीच फुकट नाही गेले मी. रविवारी नातीला आणणार आहे. म्हणणार, हा बघ आजीचा बर्फ."

बोलावं तर पाप, गप्प बसावं तर तेही पापच. अठ्ठेचाळीस वर्षं गप्प बसून फुसाए थकली होती, आणि खरं सांगायचं तर तिनं स्वतःचंच ओझं उतरवलं.

"तोयोकोताई, बाही तुझी होती. डाग माझा. ओली शाई मी पुसली, आणि पान तुझ्या हाताखाली मीच सरकवलं." ती इतकी वाकली की कपाळ काचेला लागलं.

तोयोकोनं आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला.

"म्हणजे माझा हात चांगला होता."

"तुझ्यासारखा कुणाचाच नव्हता."

"आणि बर्फ बाईंचा. डाग तुझा."

"हो."

"मग इथं माझं काहीच नाही."

फुसाएनं घाईघाईनं पानभर नजर फिरवली. एखादं झाड, एखादं छप्पर, तोयोकोनं काढलेली एखादी रेघ तरी. पानावर नायिका होती आणि आभाळ, बस्स.

तोयोकोनं पिशवीतून कागदात बांधलेला पुडा काढला आणि रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी पुढे धरला. "तुझ्यासाठी आणल्या होत्या. आमच्या कारखान्यातल्या माशांच्या वड्या. एकतीस वर्षं मी याच केल्या."

फुसाएनं त्या दोन्ही हातांनी घेतल्या.