'बोला की'चं चौथं पान

वैनींचा फोन आला तेव्हा माझ्या पुढ्यात 'बोला की'ची मुद्रितं होती. तीन पानं तपासून झाली होती आणि चौथं, नेहमीसारखं, कोरं होतं. या खेपेला महादूशी भांडायचंच, असं ठरवून मी चहा संपवत होतो. "भावजी, लगीच या... हे उठंनात," एवढंच वैनी म्हणाल्या. मी धावत गेलो. भांडायला माणूस राहिला नव्हता.

महादू म्हणजे महादेव मास्तर; तो आणि मी कोल्हापुरातल्या एकाच शाळेत मराठी शिकवत होतो. नव्वदच्या दशकात कधीतरी त्याच्या डोक्यात हे चार पानांचं खूळ शिरलं. दर महिन्याला एक अंक, ओळखीपाळखीच्या दोनशे घरांना टपालानं. पहिली तीन पानं त्याची. कळंब्याच्या तळ्यावर भेटलेली माणसं, बाजारातली भांडणं, शाळेतल्या गमती, असं काहीबाही तो फार झकास लिहायचा. चौथं पान वाचकांच्या पत्रांसाठी. आपल्याकडची माणसं गप्प म्हणून बसत नाहीत, तालमीच्या कट्ट्यावर काय आणि एस.टी.त काय, बोलतात ती अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं; मग कागदावर का बोलणार नाहीत, असा त्याचा अंदाज. म्हणून नावही 'बोला की'. अंदाज साफ चुकला. दुसऱ्या अंकापासूनच चौथं पान कोरं जायला लागलं. छापखान्याचे मालक म्हणायचे, जाहिरात टाका. मी म्हणायचो, आणखी एक लेख टाक. "ती जागा माझी न्हाय, त्यांची हाय," एवढं बोलून तो विषय मिटवायचा. कोऱ्या पानाचा लोकांना उपयोग मात्र झाला. कुणाकडं गेलं की त्यावर वाणसामानाची यादी नाहीतर पोरांची गणितं दिसायची. तो हसायचा, पण मग आमच्या रोजच्या तळ्याच्या फेरीत माझ्या दोन पावलं पुढंच चालायचा.

पुढं तो तिसऱ्या पानाच्या तळाशी एक प्रश्न छापायला लागला. आधी भारदस्त प्रश्न, मग सोपे, मग त्याहून सोपे. शेवटी वैतागून विचारलं, "आज तुमच्याकडं भाजी कसली?" आणि काय सांगू, पोस्टकार्ड आलं! बिद्रीहून केरबाअण्णांचं. अण्णा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. कार्डावर मजकूर एवढाच : "वांग्याची. कळावे." महादूनं ते चौथ्या पानावर मधोमध छापलं. गल्लीत पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. पुढच्या महिन्यात पान पुन्हा कोरं.

मग त्यानं ती आगळीक केली, आणि तिच्यात मीही सामील होतो. "नीट लिवलं तर कोण बोलत न्हाय. एकदा चुकतोच," म्हणाला. तांबड्या रश्श्यावर लेख लिहिला आणि त्यात बिनदिक्कत ठोकून दिलं, की गुळाचा चांगला मोठा खडा घातल्याशिवाय तांबडा रस्सा खरा नव्हेच. मुद्रितं वाचताना मी हसून हसून लोळलो. यावर कोल्हापूरकर गप्प बसला तर पंचगंगा उलटी वाहील, असं मीच म्हणालो. आठ दिवस आम्ही पोस्टमनची वाट पाहिली. पंधरा दिवस पाहिली... महिना गेला. एक ओळ आली नाही.

तेव्हा महादू म्हणाला, चल, निदान केरबाअण्णांना तरी विचारू. आम्ही बिद्रीला गेलो. अण्णांनी आग्रह करून जेवायला बसवलं. पहिल्याच भुरक्याला मी थबकलो. रस्सा गोड होता.

"तुमच्यावानी केलाय मास्तर, गूळ घालूनशान," अण्णा कौतुकानं म्हणाले. "घरात कुणालाच रुचला न्हाय, पर तुम्ही लिवलासा म्हंजे बरोबरच असणार की!"

महादू मान खाली घालून दोन वाट्या प्याला. हात धुतल्यावर धीर करून त्यानं विचारलं, "अण्णा, अंक वाचतासा, मग लिवत का न्हाईसा?"

अण्णा बुचकळ्यात पडले. "काय लिवायचं? सगळं ब्येस चाललंय की. काय बिघडलं तर माणूस लिवतंय. कार्ड आलं की आमच्या पोटात आधी गोळा येतोय, मास्तर."

परतताना एस.टी.त तिकिटं काढून झाल्यावर तो माझ्याकडं वळला. "इस्वास टाकून गप बसल्यात रं ती," म्हणाला. "आन मी त्यास्नीच फसवलं." पुढच्या अंकात त्यानं जाहीर माफी मागितली. तिच्यावरही कुणी काही लिहिलं नाही.

त्यानंतर त्यानं प्रश्न छापणं सोडलं, अंक सोडला नाही. मोबाइल आले, लोक कार्ड विसरले, काही अंक 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत यायला लागले. चौथं पान कोरंच राहिलं. आणि मी? दर अंक सगळ्यांआधी वाचणारा, फेरीत त्यावर तासतासभर बडबडणारा मी... "तोंडानं नगं रे, एकदा तरी लिवून टपालात टाक," असं त्यानं मला किती वेळा म्हटलं असेल. रोज भेटणाऱ्याला कार्ड काय पाठवायचं, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. याची मला आज शरम वाटते. ती जाईल असं वाटत नाही.

तो गेल्याला दोन महिने होत आले. परवा वैनींनी बोलावून घेतलं. त्याच्या टेबलावर ती मुद्रितं तशीच होती, त्या दिवशी मीच आणून ठेवलेली. शेजारी पोस्टकार्डं. अकरा. सगळ्यांवर थोड्याफार फरकानं तेच, अंक मिळाला नाही, कळवावे. केरबाअण्णांनी लिहिलं होतं, "मास्तर, दोन महिने अंक नाही. काय बिघडलं?" मी ती कार्डं कोऱ्या पानावर मांडून पाहिली. पान भरून वर उरली.

"एवढी माणसं वाट बघत्यात, हे त्यास्नी ठावं होतं का हो, भावजी?" वैनींनी विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो.

मग त्याच्याच खणातून एक कोरं कार्ड काढलं, त्याच्याच खुर्चीत बसलो आणि केरबाअण्णांचा पत्ता लिहिला. 'बोला की'साठी मी आयुष्यात लिहिलेलं ते पहिलं कार्ड.