चिमीला यंदा घालायचं की पुढच्या वर्षी?

अंगणवाडीत काम करणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. उन्हाळा सरत आला, की "पोराला यंदा शाळेत घालू का पुढच्या वर्षी?" असं विचारत माणसं दारात येतात आणि जाताना एकेक किस्सा ठेवून जातात. कामशेतच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी. शाळा ओढ्यापलीकडे, गावात. मी वाडीवर सेविका. मागच्या एका वर्षातलेच सांगते. हसू आलं तर हसा, मला तर आता येत नाही.

* * *

पहिलीत जाणारी मुलं तयार आहेत का, हे बघायला शाळेत मेळावा भरला होता. गावातले एक भाऊ देहूरोडला डेपोत नोकरीला. त्यांचा आर्यन असा बडबड्या, की गुरुजींचा प्रश्न संपायच्या आत याचं उत्तर तयार! पण भाऊ म्हणाले, "यंदा नाही घालत. एक वर्ष थांबवतो. वर्गात सगळ्यात मोठा असला की पहिला येतो. मग कामशेतला इंग्लिश मीडियमला टाकू."

"वा! पालक असे विचार करणारे पाहिजेत," गुरुजी म्हणाले.

मागं वाडीवरची हिरा उभी होती, चिमीचा हात धरून. ती हळूच म्हणाली, "गुरुजी, माजी बी यंदा राहू द्या. लय बारकी हाय."

"हाच तो अडाणीपणा!" गुरुजी कडाडले.

दोन्ही मुलं एकाच महिन्यातली होती.

* * *

भाऊंचे वडील, आबा, जुन्या वळणाचे. त्यांच्या काळी जन्मतारीख कोण बघत होतं? हात डोक्यावरून नेऊन पलीकडचा कान धरता आला, की पोर शाळेला लायक! आबांनी तिथंच परीक्षा घेतली. आर्यननं कान धरून वर पिळूनही दाखवला.

"आरं, ह्यो तर लायक हाय!" आबा खूश.

"आर्यन, हात खाली घे आधी!" भाऊ ओरडले.

चिमीचा हात टाळूवरच अडकला. आबा म्हणाले, "न्हाई पोचत. ऱ्हाऊ द्या घरी." त्यावर गुरुजींनी तिचं कोपर धरून हात पुढं रेटला आणि म्हणाले, "पोचतोय की! जरा लाजतेय, एवढंच."

* * *

गुरुजींची घाई पटासाठी होती. एक मूल जरी कमी पडलं, तर शाळा बंद आणि त्यांची बदली कुठं होईल याचा नेम नाही. त्यांनी चिमीला नाव विचारलं. ती गप्प. रंग विचारला. ती गप्प. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुजी म्हणाले, "मुलगी शांत आहे. अगदी तयार!"

मला इतका संताप आला! पण मानधनावरच्या बाईचं ऐकतंय कोण?

* * *

मग तालुक्याहून मॅडम आल्या. वाडीवर सतरंजी घालून त्यांनी तासभर भाषण केलं. वेळेवर प्रवेश, मुलीचं शिक्षण, पालकांमध्ये जागृती. हिरा शेवटपर्यंत ऐकून घेत होती. नंतर उठून म्हणाली, "मॅडम, लावणीला आमी उजाडताच जातो. पावसात वडा छातीएवढा चढतो. ही चिमी एकली साळंला कशी जानार? तुमची जागृती त्या वड्याला सांगा."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, यांचं समुपदेशन करा."

* * *

हिराचा नवरा लोणावळ्याला एका बंगल्यावर माळी. त्यानं मालकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अजिबात घाई करू नकोस! परदेशात सात वर्षांपर्यंत मुलांना मातीत खेळू देतात."

हिरा फणकारली, "म्हंजे आमी परदेशातच ऱ्हातो म्हणायचं!"

* * *

शेवटी गुरुजींनीच शब्द दिला. "हिराबाई, ओढ्याचं माझ्यावर सोड. मी स्वतः आणीन, सोडीन." हिरा विरघळली. चिमीचं नाव पहिलीत लागलं.

आणि खरंच, जूनमध्ये पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गुरुजी रोज ओढ्यात उतरायचे. चिमी खांद्यावर, दप्तर गळ्यात. गावातल्या पोरांनी मोबाइलवर फोटो काढला, स्टेटसला लावला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? चिमी मला येऊन सांगायची, "बाई, गुरुजी पडत न्हाईत. लय उंच हायत."

मग एक दिवस पट तपासायला साहेब आले. मुलं ओळीत उभी केली, डोक्याला हात लावून एकेक मोजली, चहा घेतला आणि गेले.

पुढच्या आठवड्यात मी वाडीवर चालले होते. लावणी जोरात होती. ओढा फुगलेला. चिमी बांधावर उभी, कडेवर धाकटा भाऊ.

"चिमे, शाळेत नाही गेलीस? गुरुजी आले नाहीत न्यायला?"

तिनं भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मला समजावून सांगितलं,

"सायबानं मोजलं की मला, बाई. झालं आता."