टाकीपर्यंत गेलेलं नेट

आमच्या गावात इंटरनेट पेंडीच्या दुकानात मिळतं. कराडहून येणारी एसटी जिथं वळते तिथंच हे दुकान आहे. सरकीच्या पोत्यांमागे दुकानदार बसतात आणि मोबाईलवरून रिचार्ज मारून देतात. गावातल्या प्रत्येकाचा नंबर त्यांना पाठ आहे आणि कुणाची म्हैस कोणती पेंड खाते तेही. त्यामुळे नंबर सांगायची पद्धतच नाही. समोर उभं राहायचं आणि ‘नेट मारा’ म्हणायचं. जो उभा, त्याच्या नंबरावर नेट.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मुलाखतीच्या दिवशी मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दुकानात पाठवलं. चूक माझीच.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत अकरा वाजता होती. आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मुलाखत जणू सगळ्या घराचीच होती. आईनं लॅपटॉप ठेवायला पूजेचा चौरंग काढून दिला. लॅपटॉपला हळदकुंकू लावण्यापासून मी तिला कसंबसं थांबवलं, तेव्हा तिनं ते चार्जरला लावलं. माझा डेटा मात्र तयारीचे व्हिडिओ बघण्यात सकाळीच संपला होता.

आप्पा गेले आणि दहा मिनिटांत परत आले. “मारलं,” म्हणाले. माझ्या फोनवर काहीच आलं नाही. त्यांच्या खिशातला बटणांचा फोन तेवढा वाजला. ज्या फोनमध्ये टॉर्च आणि सापाचा खेळ सोडला तर काही नव्हतं, त्यात महिन्याभराचं इंटरनेट जाऊन बसलं होतं.

दुकानदारांना फोन केला तर ते म्हणाले, सर्व्हर गेलाय, आता दुपारनंतरच. शेजारीपाजारी सगळे शेतात. शेवटी आप्पांनीच तोडगा काढला: माझं सिम तुझ्या फोनात घाल. तसं केलं, हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप जोडला. अकराला दोन मिनिटं कमी होती.

एकच पंचाईत होती. ऊसतोडीच्या मुकादमाचा फोन येईल म्हणून आप्पा आठ दिवस वाट बघत होते. तो उचलला नाही, तर टोळी दुसऱ्याच्या फडात जाणार. म्हणून असं ठरलं की फोन आप्पांनी धरायचा, दारात बसून राहायचं आणि फोन आलाच तर हळू बोलायचं.

मुलाखतीला एक सर आणि एक मॅडम होत्या. पहिली दोन उत्तरं बरी गेली. सर तिसरा प्रश्न विचारत होते आणि फोन वाजला.

आमच्या वस्तीवर पूर्वी रेंज नव्हती. ती फक्त पाण्याच्या टाकीखाली यायची, त्यामुळे फोन वाजला की माणसं उठून टाकीकडं चालू लागायची. नंतर टॉवर झाला, पण पाय अजून तिकडंच वळतात. आप्पा ‘हॅलो’ म्हणाले आणि निघाले.

स्क्रीनवर सरांचं तोंड उघडं राहिलं ते तसंच. काय झालं ते माझ्या लक्षात आलं. आरतीच्या ताटासारखा लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला आणि मी धावले. गोठ्यापाशी आप्पांना गाठलं, तेव्हा कुठं सरांचं तोंड हललं. आप्पांना हाक मारावी तर ती मुलाखतीत ऐकू जाणार. म्हणून मी मुकाट त्यांच्या मागं चालत राहिले.

मॅडमनी विचारलं, “तुम्ही प्रवासात आहात का?”

खोटं सुचलंच नाही. “नाही मॅडम. वडील चाललेत. नेट त्यांच्याकडं आहे.”

मग सरांनी प्रश्न पुन्हा विचारला: एखादी अडचण तुम्ही कशी सोडवली, ते सांगा. मला त्या क्षणी दुसरी कुठलीच अडचण आठवेना. म्हणून पेंडीच्या दुकानापासून बांधाच्या कडेपर्यंत सगळं सांगितलं, चालता चालता, धापा टाकत. मध्येच मॅडम स्क्रीनबाहेर गेल्या आणि डोळे पुसत परत आल्या.

टाकीखाली आप्पांचं बोलणं संपलं. ते वळले, तर दोन हातांवर मी लॅपटॉप घेऊन उभी. स्क्रीनवर दोन माणसं दिसल्यावर त्यांनी आधी टोपी सारखी केली.

“राम राम. पोरगी हुशार हाय आमची,” ते म्हणाले. “नेट तेवढं माझ्याकडनं चुकलं.”

“नमस्कार आप्पा,” सर म्हणाले. “ऊस कधी तुटतोय?”

“उद्या टोळी येती,” आप्पा म्हणाले. त्यापुढं मुलाखतीत विशेष काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी निवड झाल्याचा मेल आला. आप्पांनी मला तो दोनदा वाचायला लावला, मग आपला बटणांचा फोन काढून मामाला लावला आणि बोलत बोलत टाकीकडं निघाले. मी दारातच बसून राहिले. त्यांचा आवाज तिथून घरापर्यंत येत होता.

“व्हय, लागली नोकरी. टाकीखाली दिली की मुलाखत. रेंज लय चांगली हाय हितं.”