नानाजींची पहिली ओळ

व्याख्यानाच्या दिवशी नानाजी वाचनालयाच्या दारात उभे राहत आणि आलेल्याला नमस्कार करण्याआधी प्रश्न विचारत. पुण्या-मुंबईचा कोणी लेखक नागपुरात आला, की आमच्या इतवारीतल्या वाचनालयात त्याचं व्याख्यान ठेवायचं, आणि ज्यानं त्याचं पुस्तक वाचलं असेल त्यालाच पहिल्या ओळीत खुर्ची द्यायची, हा ग्रंथपाल नानाजींचा कायदा. पुस्तकातली एखादी बारीकशी गोष्ट ते विचारत. उत्तर आलं की हात पुढच्या खुर्च्यांकडे, नाही आलं की मागच्या सतरंजीकडे. "लेखक इतक्या दुरून आला जी," ते म्हणत, "त्याच्यासमोर त्याचा वाचणारा नको?"

मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. बायकांची जागा बाजूला, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड असे. त्या दिवशी एका कादंबरीकारांचं व्याख्यान होतं. मी मुकाट्यानं पडद्याकडे वळले, तर नानाजींनी अडवलं. "मास्तरीणबाई, नायकाच्या आज्यानं विहीर कोनाच्या वावरात खोदली?"

"भावाच्या," मी म्हणाले. "म्हणूनच तर भांडण झालं."

"मंग पडद्यामागं काहून चालल्या? समोर बसा." मी जाऊन बसले. पुरुषांच्या त्या ओळीत मी एकटी बाई. पाठीमागची कुजबुज स्पष्ट ऐकू येत होती, तरी मान ताठ ठेवली.

तेवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष आले. मौद्याकडचे मोठे मालगुजार, म्हणजे जमीनदार, सरकारनं रावबहादूर केलेले. सोबत चार पाहुणे. नानाजींनी त्यांनाही विहीर विचारली. पुस्तक त्यांनी वाचलंच नव्हतं.

"हे काय शाळा आहे?" रावबहादूर कडाडले. "मले मागं बसवता?"

"तुमची मालगुजारी मौद्यात आहे जी. इथं फक्त वाचनारे."

"मंग उद्या सकाळी राजीनामा घेऊन या."

"आणतो जी," म्हणून नानाजींनी शांतपणे सतरंजी दाखवली. भर सभेत परत फिरायचं कसं, म्हणून रावबहादूर फणफणत बसले. नानाजींच्या घरी पाच खाणारी तोंडं होती, दुसरी नोकरी नव्हती. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, तरी एकाचीही जीभ उचलली नाही. माझीही नाही. त्याची लाज अजून वाटते.

पहिल्या ओळीच्या टोकाची खुर्ची नानाजींची. व्याख्यान सुरू झालं तरी ती रिकामीच राहिली. नानाजी अगदी मागे, भिंतीला टेकून उभे होते. रावबहादुरांनी वळून पाहिलं. "आता तुम्ही काहून उभे?"

"माझंबी वाचून नाई झालं जी," नानाजी हळूच म्हणाले. "प्रत एकच. लोकांतच फिरून राहिली. विहिरीपावतरच वाचलं."

रावबहादूर पुन्हा समोर वळले. दुसऱ्या दिवशी नानाजी राजीनामा लिहून घेऊन गेले. तो रावबहादुरांनी उघडलाच नाही, म्हणाले, "ते पुस्तक पाठवा माझ्याकडं." नानाजींनी तिथंही सांगितलं, "नंबर लावा लागन जी. चौदावा येईन." आणि रावबहादुरांनी खरंच नंबर लावला! हा किस्सा मी किती वर्गांना सांगितला असेल कोण जाणे. असा माणूस आमच्या गावचा, हे सांगताना माझा आवाज दरवेळी चढतो.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत माझा कथासंग्रह निघाला आणि व्याख्यानाचं बोलावणं त्याच वाचनालयातून आलं. नानाजी केव्हाच निवृत्त झाले होते, मोतीबिंदूनं डोळे गेले होते. म्हणाले, "येईन वं. पण मागं उभा राहीन. वाचता येत नाई आता." हे मला कसं चालावं? शाळा सुटली की मी रोज त्यांच्या घरी जाऊन एकेक कथा वाचून दाखवू लागले. आठांपैकी सात झाल्या. आठव्या कथेच्या दिवशी, व्याख्यानाच्या आदल्याच दिवशी, शाळेत नेमकी इन्स्पेक्टरांची तपासणी निघाली आणि ती राहिली.

व्याख्यानाच्या दिवशी पहिल्या ओळीच्या टोकाची खुर्ची मी त्यांच्यासाठी राखली होती. नातवाचा हात धरून आले, पण दाराशीच थांबले. लोक आग्रह करू लागले. "एक गोष्ट राहिली आहे," नानाजी म्हणाले आणि भिंतीला टेकले. वय पंचाहत्तरीच्या पुढे होतं.

माझं भाषण कागदावर तयार होतं. ते मी बाजूला ठेवलं, पुस्तक उघडलं आणि आठवी कथा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली, मागची भिंत ऐकेल एवढ्या मोठ्यानं. सभा चुळबुळली, पण मी थांबले नाही. शेवटचं वाक्य वाचून मी पुस्तक मिटलं.

नानाजी काठी टेकत खुर्च्यांमधून पुढे आले, हातानं चाचपून आपली खुर्ची शोधली आणि बसले.

"हं," ते म्हणाले, "आता बोल वं पोरी."