गडग्यापलीकडची खिडकी

हॉस्पिटलातून भाचीचा फोन आला तेव्हा मी भाजलेल्या वाफ्यातली ढेकळं फोडत होतो. "मामा, आई गेली..." एवढंच. फावडं मी नीट धुऊन जागेवर ठेवलं. का, ते माहीत नाही.

सुमन माझी मामेबहीण. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली ती श्वासनलिकेभोवतीच्या स्नायूच्या अभ्यासात. निवृत्त झाल्यावर रत्नागिरीबाहेर आमच्या शेजारी, दगडी गडग्यापलीकडे, येऊन राहिली. शोकसभेत तिला 'विज्ञानतपस्विनी' म्हटलं गेलं. तिने नेमकं काय शोधलं, हे मात्र एकाही वक्त्याने सांगितलं नाही. शाल तसबिरीलाही पांघरली. सुमी हसली असती, मग खोकली असती.

मला तिने एकदा ओट्यावर बसवून समजावलं होतं. धूर आत गेला की पेशींत ऑक्सिजनचीच काही माथेफिरू रूपं वाढतात आणि त्यांना आवरायची पेशीची ताकद कमी पडते. मग आतल्या आत एका रेणूकडून दुसऱ्याकडे निरोप जातात, कॅल्शियम वाढतं, स्नायू आवळतो, नळी अरुंद होते. वर्षानुवर्षं असं झालं की स्नायूच जाड होतो.

"म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीसारखं," मी म्हणालो, "या टेबलावरून त्या टेबलावर."

"नाही रे दादा. इथे निरोप पोचतो."

तिला स्वतःला दमा होता. आणि आम्ही दर उन्हाळ्यात दाढ भाजतो. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पाचोळा पसरून पेटवतो. मी आधी गडग्यावरून ओरडायचो, "सुमे, दारं लाव!" पलीकडून "लावली!" आल्याशिवाय काडी ओढायची नाही, हा आमचा करार.

यंदा आदल्या दिवशी ती म्हणाली, "दादा, या वर्षी नको भाजूस. मला आता सोसत नाही. न भाजताही रोपं येतात."

"बापजाद्यांनी भाजली. कोण मेलं?"

"मोजलं कोणी?"

मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी हाक न मारता पेटवलं. वारा तिच्या घराकडे होता. दुपारी तिला रिक्षात बसवलं तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. नुसती माझं मनगट धरून होती. चार दिवसांनी ती गेली.

डॉक्टर म्हणाले, दमा बळावलेलाच होता, एकट्या धुराला दोष देता येत नाही. सुमीही तेच म्हणाली असती... एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. माझं सांत्वन म्हणून नव्हे, शिस्त म्हणून.

रोपं यंदा दाट, हिरवीगार आली आहेत. येणारेजाणारे थांबून बघतात.

भाचीने घर बघून यायला सांगितलं म्हणून परवा कुलूप काढलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडीच होती. चौकटीवर राखेचा पातळ थर, त्यात तिच्या तोंडात मारायच्या पंपाची निळी टोपी. फडकं हातात होतं, पुसवलं नाही. खिडकी लावली, कडी घातली, गडग्याच्या या बाजूला आलो आणि हाक मारली.