झीलकऱ्याचा मुलगा

"तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस."

साहेब हे सगळ्यांदेखत म्हणाले. भोपाळच्या शिवाजी नगरातल्या हॉलमध्ये तालीम चालू होती. आम्ही अर्धगोलात उभे. कुणीतरी हसलं. मीही हसलो. मला हसू आधी येतं, राग मागून येतो.

साहेब म्हणजे आमच्या पुरुषांच्या गायनवृंदाचे प्रमुख. निवृत्त इंजिनियर. निवृत्त झाले तरी साहेबच. वृंदात बाकीचेही अधिकारी, त्यांचे भाऊ, जावई. मी साकेत नगरच्या बाजूला इस्पितळात एक्स-रे काढतो. माझ्या आडनावाशी प्रत्येक जण एकदा थांबतो, मग "अच्छा, अच्छा" म्हणतो.

कार्यक्रम होता मिळून गाण्यावरच. आरत्या, मोटेवरची गाणी, पोवाडा, एकेक गाऊन दाखवायचं. मध्ये निवेदन, की माणसं एकत्र गातात तेव्हा भेद गळून पडतात. साहेब मला म्हणाले होते, "तुमच्याकडचं एखादं आण की." 'तुमच्याकडचं' हा शब्द मी गिळला आणि बाबांकडे गेलो.

बाबा नागपूरकडून सरकारी कचेरीत शिपाई म्हणून भोपाळला आले. चौदा एप्रिलच्या जयंतीला वस्तीत त्यांची गायन पार्टी असायची. बाबा झीलकरी, म्हणजे मुख्य गायकाच्या मागून धृपद उचलणारे. झील धरायची तर गायकाची ओळ संपायच्या आधीच उठायचं, त्याच्या शेवटच्या शब्दावर चढायचं, म्हणजे त्याला दम घेता येतो. मी तेच ऐकत वाढलो. त्यामुळे वृंदात मी दर वेळी सगळ्यांच्या आधी शिरायचो. साहेबांच्या लेखी ती चूक. बाबांनी दिलेलं गाणं आमचं, मुख्य आवाज साहेबांच्या जावयाचा, आणि मी ओठ हलवायचे.

मी कबूल झालो. हे लिहिताना लाज वाटते. एक साधं "का?" विचारलं नाही. मोतिया रंगाचा कुर्ता सगळ्यांसारखा मलाही शिवून मिळाला होता. तालमीनंतर पोहे साहेबांच्याच टेबलावर. तेवढ्यावर मी विकला गेलो.

कार्यक्रमाला बाबा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, पुढच्या रांगेत. आमचं गाणं सुरू झालं. मी ओठ हलवत होतो आणि बाबा माझ्याकडे बघून मान डोलवत होते. त्यांना वाटत होतं, पोरगा गातोय.

मग साहेब श्रोत्यांकडे वळले. "आता सगळ्यांनी आमच्याबरोबर म्हणायचं!"

जावयाची ओळ संपायच्या आत बाबांची झील उठली. एकट्यांची. मोकळ्या गळ्याची, सभागृहभर. लोक वळून पाहू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे अंकल, रुकिए तो सही!" हशा पिकला. बाबांना वाटलं, लोक खूश झाले. ते उभे राहिले आणि हात वर करून त्यांनी पुन्हा झील धरली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नुसती भुवई उचलली.

आणि मी स्टेजवरून, भर सभेत, माझ्या बापाला ओठांवर बोट ठेवून दाखवलं. गप्प.

बाबा बसले. ओळ अर्धीच टाकून. पुढे कार्यक्रमभर त्यांनी टाळीसुद्धा वाजवली नाही.

पडदा पडल्यावर साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "छान झालं. फक्त वडिलांना पुढच्या वेळी जरा मागे बसव."

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"पुढच्या वेळी मी नाही, साहेब. आणि ते गाणंही नाही."

"अरे, एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय झालं?"

"लावून घेतलं नाही, तेच चुकलं माझं."

त्यांचा हात मी खांद्यावरून काढला आणि निघालो.

घरी येताना बाबा स्कूटरवर मागे बसले होते. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "मायी झील चुकली काय रे?"

"नाही, बाबा."

एवढंच बोललो. चूक कोणाची, ते सांगायला जीभ रेटली नाही. चूक नेहमी आपल्याच पदरात घेत आलेला माणूस, तीही घेऊन घरी आला. ज्या गळ्यावर मी वाढलो तो गळा मी एका बोटाने बंद केला, आणि माझ्यावर कुणी जबरदस्तीही केली नव्हती.

घरात माफी मागितली तर बाबा लगेच देऊन टाकतील. "जाऊ दे न बाप्पा," म्हणतील आणि चहा टाकायला सांगतील. तसली, दार लावून मागितलेली माफी मला नको. अपमान चारचौघांत केला, तर कबुलीही तिथेच.

येत्या रविवारी वृंदाची अभिनंदनाची सभा आहे. मी जाणार आहे. बाबा आले तर त्यांना घेऊन, नाहीतर एकटा. उभा राहून सांगणार आहे, की माझ्या बापाला मी तुमच्या एका भुवईसाठी गप्प केलं. त्यातला माझा वाटा मी कबूल करतो. तुमचा तुम्ही करा. खाली बस म्हणालात, तर आधी माझं बोलणं पुरतं होईल. मगच मी बसेन.