वरची खोली पाहुण्यांची

समुद्राकाठच्या दुब्रोवनिक शहराच्या तटबंदीच्या आत जी मूठभर माणसं अजून राहतात, त्यांची उन्हाळ्याची एक रीत आहे. जगभरातली माणसं सुट्टी घालवायला आमच्या गावात येतात, आणि आम्ही आमचेच पलंग त्यांना देऊन स्वतः तळघरात झोपायला जातो. त्यात कुणाला काही वाटत नाही. आजी झोपली, आई झोपली, आपणही वाइनच्या पिंपाशेजारी अंग टाकायचं. जून लागला की भिंतीवरचे फोटो, क्रूस, जुन्या चादरी, सगळं खाली न्यायचं. पाहुण्याला वाटलं पाहिजे, इथे आपल्याआधी कुणी राहिलंच नाही!

लुत्सेने लग्न झाल्यापासून हेच केलं. नवरा व्लाहो समोरच्या बेटावर जाणारी बोट चालवायचा. मोठा बोलघेवडा माणूस. धक्क्यावर पाय ठेवला की चार जण भोवती जमलेच. पण दोन वर्षांपासून त्याची आठवण फुटक्या घागरीतल्या पाण्यासारखी चालली होती. आधी नावं गेली, मग वार गेले.

"अगं लुत्से, या वर्षी त्याला खाली हलवू नकोस," शेजारची दारिंका म्हणाली होती. "पलंगही काढून घेतलास तर बिचाऱ्याने धरायचं कशाला?"

"तू तुझी मांजरं सांभाळ," लुत्से फणकारली. "खोली बंद ठेवून हिवाळ्यात खायचं काय, दगड?"

आणि तिने व्लाहोला तळघरात आणलं. वर एक झेक जोडपं उतरलं. गरीब माणसं, डबाबंद मांससुद्धा घरूनच घेऊन आलेली.

तिसऱ्याच दिवशी ते घडलं. पालेभाजी-बटाटा आणि तळलेले तारली मासे खाऊन दोघं आडवी झाली. उन्हाळ्यातल्या दुपारी आमच्याकडे खिडक्यांची झापं बंद आणि तोंडंही बंद. लुत्सेचा डोळा लागला. जाग आली तेव्हा शेजारची खाट रिकामी होती आणि दार अर्धवट उघडं. चपला मात्र खाटेखालीच.

अनवाणी गेला! कुठे?

ती तशीच, केस न बांधता, गल्लीच्या पायऱ्या उतरली. खाली मोठ्या रस्त्यावर पाहुण्यांची ही गर्दी. टोप्या, छत्र्या, आइस्क्रीम. प्रत्येक पांढऱ्या डोक्यामागे ती धावली आणि प्रत्येक वेळी परका चेहरा वळून बघायचा. शेवटी तिला राहवेना. तिने भर दुपारी, जन्मात पहिल्यांदा, गल्लीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली. "व्लाहो! अरे व्लाहो!"

वरून एक झाप उघडलं. "कोण बोंबलतंय या वेळी? लाज आहे की नाही?"

"व्लाहो दिसत नाही गं!"

तो आवाज लुत्सेचा आहे हे कळल्यावर बाई गप्प झाली. दारिंका मात्र गाऊनवरच खाली आली आणि लुत्सेचा दंड धरून चालू लागली. 'मी सांगितलं होतं' असं ती एकदाही म्हणाली नाही, आणि त्यानेच लुत्से जास्त घाबरली. दारिंका टोमणा गिळते म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं म्हणायचं.

धक्क्यावर बोटवाले पोरगे सावलीत बसले होते. "मावशी, काका आज इकडे फिरकलेच नाहीत," एक जण म्हणाला आणि लगेच उठून उभा राहिला. त्याचं असं उठणंही तिला आवडलं नाही. लाटा अडवायच्या दगडी बांधाच्या टोकाशी पाण्यात काहीतरी पांढरं वर-खाली होत होतं. व्लाहोचा सदरा पांढराच होता. "देवा, मी त्याला वर पुन्हा नेते, आत्ता नेते," ती पुटपुटत राहिली. पोराने वाकून आकडीने ओढलं. कुणाची तरी उडालेली टोपी होती. ती मटकन खाली बसली आणि हमसून रडली.

"घरी चल," दारिंका म्हणाली. "पोलिसांना घरून फोन करू."

गल्लीच्या तोंडाशी आल्या तर वरच्या खिडकीतून ती झेक बाई हात हलवत होती. तिची भाषा आमच्या भाषेची चुलत बहीण. अर्धी तरी कळतेच. "आजोबा इथे आहेत! इथे!"

लुत्से जिना कशी चढली, तिचं तिला ठाऊक. खोलीत, मोकळ्या भिंतीपाशी, व्लाहो टेबलाशी बसून डब्यातलं मांस खात होता आणि झेक माणसाला समुद्रावरच्या वाऱ्याच्या गोष्टी सांगत होता. धडधाकट. हसतमुख. तिचा जीव भांड्यात पडला.

"मेल्या, माझा जीव घेतलास की!" ती ओरडली.

व्लाहो अदबीने उठून उभा राहिला. "आलात? या, या, मालकीणबाई." मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "राग मानू नका हं. तुमचं गाव सुंदर आहे, सुट्टी छान गेली. पण आता मला घरी सोडा. बायको एकटी आहे माझी."

धक्क्यावर ती घाबरली होती, पण तिथे निदान शोधायला पाणी होतं, गल्ल्या होत्या. आता हा समोर उभा होता आणि त्याला शोधायचं कुठे, हेच तिला कळत नव्हतं.

"फार घाबरट आहे हो ती," व्लाहो हसून सांगू लागला. "जरा उशीर झाला की धक्क्यावर येऊन उभी. मी म्हणतो, तुझी भीती मीठ लावून वाळत घातली, तर हिवाळाभर पुरेल!"

दारात दारिंकाने तोंडाला पदरासारखी गाऊनची बाही लावली.

लुत्सेने डोळे पुसले. "खरं आहे तुमचं," ती म्हणाली. "फार घाबरलीये ती."

"मग उशीर कशाला करता, बाई?" तो म्हणाला आणि तिच्या हातात हात दिला. "चला. तुम्ही पुढे व्हा, मला इथला रस्ता माहीत नाही."